छप्पर निधी आणि यंदाचं अंदाजपत्रक : खजिनदाराच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

उपासनेनंतर पंचांनी (आमच्या चर्चच्या कमिटीने) खजिनदाराचं काम माझ्याकडे दिलं. आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, एकशे दहा कुटुंबांची. मंडळीच्या नावाने नोंदलेला सार्वजनिक न्यास आहे. पतसंस्थेत मी एकतीस वर्षं हिशेब लिहिले, त्यामुळे आकड्यांचं भय नाही. पण हे पैसे वेगळे आहेत. लोकांनी ते डोळे मिटून, प्रार्थना करून टाकलेले असतात.

ताब्यात मिळालं ते असं : लोखंडी कपाटाची किल्ली, दोन चेकबुकं, चार पावतीपुस्तकं (त्यातलं एक मधूनच सुरू झालेलं), किर्द आणि ऑडिट रिपोर्टांची फाईल. गेल्या रविवारी झालेल्या हंगामाच्या सणाचा हिशेबही आजच मिळाला. सणात दान आलेल्या वस्तूंच्या लिलावाचे ८६,००० जमा, ९,४०० बोललेले पण अजून न आलेले. एक लाल भोपळा तीनदा विकला गेला. घेणाऱ्याने पैसे बोलायचे आणि भोपळा परत प्रभूच्या नावाने लिलावाला द्यायचा, ही आपली जुनी रीत. पण तीन बोलींच्या पावत्या दोनच आहेत. राहिलेल्यांची यादी आज लिहून काढली. नाताळाच्या आधी एकेकाला घरी जाऊन भेटेन. चारचौघांत कोणाचं नाव घ्यायचं नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर ऑडिट रिपोर्ट वाचले, २०१९ पासूनचे सगळे.

उपासनामंदिराचं छप्पर मंगलोरी कौलांचं, खाली सागवानी कैच्या. डावीकडच्या दुसऱ्या बाकावर पावसाळ्यात कोणी बसत नाही. म्हणून २०१९ साली छप्पर निधी सुरू केला. आजवर त्यात ४,३५,००० आले. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी दिलेले ४०,००० वेगळे. म्हणजे ठरावीक कामासाठी नेमून दिलेले एकूण ४,७५,०००. आणि बँकेत, बचत खातं आणि मुदत ठेव धरून, २,७२,०००.

तीनदा बेरीज केली. मग ताळेबंदाच्या उजव्या बाजूला, अगदी तळाशी नजर गेली : ‘उत्पन्न-खर्च खात्यातील तूट २,०३,०००’. सीएंनी काहीच लपवलेलं नाही. डाव्या बाजूला निधी, उजव्या बाजूला बँक आणि तूट, दोन्हीकडे ४,७५,०००. ताळेबंद जुळतो. पण तूट म्हणजे पैसे नव्हेत, तिने एक कौलही विकत घेता येत नाही. चालू खर्चाला जमा पुरली नाही, तेव्हा निधीतून उचलले गेले, एवढाच तिचा अर्थ. हे तीन वर्षं छापील स्वरूपात आमच्यासमोर होतं. दर वार्षिक सभेत ‘ऑडिट रिपोर्ट वाचला असे समजावे’ म्हणून हात वर झाले. त्यात माझाही हात होता.

४ डिसेंबर, बुधवार

माजी खजिनदारांकडे गेले. सगळी मंडळी त्यांना दादा म्हणते. सलाम झाला, चहा झाला. मी फाईल उघडली तशी ते म्हणाले, “ताई, हे कोणीतरी विचारावं म्हणून मी वाट बघत होतो.”

टाळेबंदीत, मार्च २०२० च्या अखेरीपासून, मंदिराचं दार बंद. रविवारची दानाची थैली बंद. राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद, ती ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. ऑनलाइन दान देणारी आमच्याकडे दहा-बारा घरं. पाळकसाहेबांचं (आमच्या धर्मगुरूंचं) मानधन तेव्हा महिना १८,००० होतं. पहिल्या खेपेला सात महिने आणि दुसऱ्या खेपेला चार, असं अकरा महिन्यांचं मानधन दादांनी छप्पर निधीतून दिलं. १,९८,०००. वर विजेचे ५,०००. दर महिन्याचं व्हाउचर आहे, पाळकसाहेबांची सही आहे. ठराव मात्र एकही नाही. पंचांपैकी दोघांना फोनवर विचारलं होतं म्हणतात.

“पाळकाच्या घरात तीन लेकरं होती. मी कौलं बघू का चूल बघू?” दादा म्हणाले.

त्यांच्या जागी मीही चूलच पाहिली असती. पण २०२१ नंतर हे मंडळीसमोर मांडायला हवं होतं. ते म्हणाले, लाज वाटत गेली, आणि जितका उशीर होत गेला तितकी जास्त वाटत गेली.

८ डिसेंबर, रविवार

आजपासून मोजणी दोघांनी करायची, आणि ते दोघे एका घरचे नसावेत. आज तरुण संघाचा एक मुलगा आणि महिला संघाच्या अध्यक्षबाई होत्या. वेस्ट्रीतल्या (मंदिराला लागून असलेल्या खोलीतल्या) टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोन्ही मखमली थैल्या उलट्या केल्या. दहाच्या नोटा चार घड्या घालून टाकतात, त्या उलगडून तळहाताने सपाट करण्यातच वेळ जातो. नाणी रविवारच्या शाळेतल्या मुलांची. एक-दोन तर मुठीत धरून ओली झालेली. एका पाकिटावर ‘डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, उपकारस्तुती’ असं लिहिलेलं, नाव नाही, आत ५०१. एकूण ७,३८५. पत्रकावर नोटांप्रमाणे आकडे, खाली दोघांच्या सह्या, मग माझी. पैसे मोजायला मी हात लावत नाही. सोमवारी सगळे बँकेत.

आजवर थैलीतूनच वायरमनचे, फुलांचे, चहाचे पैसे परस्पर दिले जात आणि उरलेले बँकेत जात. म्हणून पासबुक आणि दानाची वही कधी जुळलीच नाहीत. आता आलेलं सगळं बँकेत आणि गेलेलं सगळं बँकेतून. किरकोळीसाठी ३,००० हातात, संपले की व्हाउचरं देऊन पुन्हा तेवढेच भरायचे.

एका काकांना हे लागलं. “आम्ही चोर होतो का?” मी म्हटलं, काका, बायबलमधल्या पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, ती पोचवायला त्याचा सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवला. त्याला तीतावर संशय नव्हता. माणसांच्या दृष्टीनेही सगळं चांगलं दिसावं, एवढीच काळजी होती. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. काका गप्प बसले, पण पुढच्या महिन्याच्या मोजणीला त्यांनी स्वतःचं नाव दिलं.

२९ डिसेंबर, रविवार

नाताळ पार पडला. लिलावाचे राहिलेले ९,४०० पैकी ८,३०० आले. भोपळ्याचेही आले.

११ जानेवारी २०२५, शनिवार

दाराजवळ चिकटवलेल्या क्यूआर कोडवर स्वतः दहा रुपये टाकून पाहिले. नाव आलं ते मागच्या कमिटीतल्या एका पंचांचं. न्यासाचं नाही. त्यांनी दर महिन्याला रक्कम खात्यात भरली आहे, स्टेटमेंट मिळवून पै-पै ताडून पाहिली. पैसा कुठे गेला नाही. पण दानकर्त्याच्या मोबाइलवर माणसाचं नाव उमटतं, आणि उद्या त्या माणसाला काही झालं तर तो पैसा त्याच्या वारसांकडे अडकू शकेल. कोड आजच काढला.

न्यासाच्या खात्याचा कोड मागितला तर बँक म्हणाली, सह्या करणाऱ्यांची नावं जुनी आहेत. बँकेला हवी धर्मादाय कार्यालयातली नोंद. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, आमच्या मागच्या दोन कमिट्यांनी दिलेला नाही. वकिलांकडे कागद दिले, उशीर माफ करण्याच्या अर्जासह. तोवर कोड नाही. फळ्यावर खाते क्रमांक लिहून ठेवला आहे.

२५ जानेवारी, शनिवार

कच्चं अंदाजपत्रक झालं. मागच्या तीन वर्षांची जमा महिनावार मांडली, आणि मगच आमची मंडळी कशी जगते ते दिसलं. जून-जुलैत जमा खाली जाते, कारण पेरणी असते आणि शाळेच्या फिया असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात वर येते. वर्षाला बाराने भागून महिन्याचा खर्च ठरवला की जुलैत हात निधीकडे जातोच. म्हणून यंदा खर्चही महिनावार मांडला. डिसेंबरच्या जमेतला भाग पुढच्या जूनसाठी राखायचा.

२०२५-२६ ची जमा ११,४०,००० धरली : रविवारचं दान ३,९०,०००, दशांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या भागाची) पाकिटं ४,६२,०००, नाताळ आणि उपकारस्तुती १,४८,०००, हंगाम ८६,०००, हॉलचं भाडं ५४,०००. फुगवून एक रुपयाही धरलेला नाही. ‘प्रभू पुरवील’ म्हणून जमा वाढवून लिहायची सवय सोडायची. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असं प्रभूनेच सांगितलं आहे.

खर्चात पाळकसाहेबांचं मानधन, निर्वाह निधी आणि औषधपाणी मिळून ३,९०,०००. शिपाई आणि कबरस्थानाची राखण १,६८,०००. गरजूंना मदत ६०,०००, सुवार्ताकार्य ७२,०००, राखीव ६०,०००. वीजपाणी, सण, रविवारची शाळा, ऑडिट यांचे आकडे मागच्या वर्षावरून. आणि ‘छप्पर निधीची परतफेड’ १,२०,०००, महिना १०,०००. तो निधी वेगळ्या खात्यात जाईल आणि हप्ता महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरायचा, वीजबिलासारखा. वीस महिन्यांत दोन लाख, एकविसाव्यात उरलेले ३,०००. डिसेंबर २०२६.

२ फेब्रुवारी, रविवार

पंचांची सभा, साडेतीन तास.

पहिला वाद : मंडळीला सांगायचं का? दोघांचं म्हणणं, पैसा आपलाच होता, आपल्याच पाळकाला गेला, बोभाटा कशाला. एका ज्येष्ठ पंचांनी शास्त्र काढलं. बायबलमधलं २ राजे हे पुस्तक, बारावा अध्याय. मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा कारागिरांना देणाऱ्यांकडून हिशेब घेत नसत, कारण ते इमानाने वागत. “दादा इमानी माणूस आहे. मग हिशेब कशाला?”

मी म्हटलं, तोच अध्याय पहिल्यापासून वाचू या. वाचला. योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी मंदिराची मोडतोड दुरुस्त केलेली नव्हती. पैसे मात्र घेतले जात होते. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसे फार झाले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, असे दोघे येऊन मोजत आणि थैल्यांत बांधत. कारागिरांना पैसे देणाऱ्यांचा हिशेब घेत नसत हे खरं, पण ते मोजून झाल्यावर. आणि दोषार्पणाचा पैसा मंदिराच्या पैशात मिसळत नसत, तो याजकांचा असे, हेही तिथेच आहे. अध्याय वाचून संपला तेव्हा वाद बराच शमला होता.

दुसरा वाद मानधनाचा. एकाने सुचवलं, परतफेड होईपर्यंत पाळकांनी चार हजार कमी घ्यावे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण आलं. नगरच्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ते येतंच : त्यांनी १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडली. मी म्हटलं, ती त्यांनी स्वतः सोडली. कमिटीने ठराव करून सोडायला लावली नव्हती. त्याग ज्याचा त्याने करायचा असतो. कामकऱ्याची मजुरी हा मंडळीवरचा दावा आहे, उपकार नाही.

पाळकसाहेब उठून म्हणाले, मी चार हजार सोडतो. चिटणीसांनी इतिवृत्तात लिहिलं : पाळकसाहेबांच्या भावनेबद्दल आभार, सूचना स्वीकारली नाही. एकमताने.

१६ फेब्रुवारी, रविवार

वार्षिक सभा. ताळेबंद मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक बाकावर ठेवला. वाचला असे समजावे, ही प्रथा बंद. मी उभी राहून प्रत्येक ओळ मराठीत समजावली. तुटीच्या ओळीशी आले तेव्हा दादा आपणहून उठले. “ते मी केलं. तुम्हाला विचारलं नाही. चुकलं,” एवढंच म्हणून खाली बसले.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागून एक बाई उभ्या राहिल्या. आईच्या आठवणीसाठी बोकड विकून त्यांनी २०१९ साली पाच हजार दिले होते, पावती सोबत आणली होती. “माझे पाच हजार कुठं आहेत?”

मी म्हटलं, आत्या, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त बँकेत आहेत. बाकीचे टाळेबंदीत पाळकसाहेबांच्या घरी धान्य-किराणा होऊन गेले.

“मंग इचारायचं ना. इचारलं असतं तर धान्याला बी दिले असते.”

त्या बसल्या. अंदाजपत्रक मंजूर झालं. हात मोजले : ७३ बाजूने, विरोधात कोणी नाही, नऊ जण गप्प. ठरावात एक कलम आत्यांच्या बोलण्यावरून घातलं. नेमून दिलेलं दान दुसऱ्या कामाला वापरायचं झालं तर आधी मंडळीची सभा. तातडी असेल तर पंचांचा लेखी ठराव, आणि पुढच्याच रविवारी व्यासपीठावरून जाहीर करायचं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयात दिलं, पोच घेतली. नवं वर्ष सुरू होण्याच्या निदान एक महिना आधी ते द्यायचं असतं, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात तसं आहे. आम्ही आजवर एकदाही दिलेलं नव्हतं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

महिला संघाची सूचना. मिझोरामच्या मंडळ्यांत बायका प्रत्येक स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढतात आणि ते मंडळीसाठी गोळा होतात. आपण ज्वारी-बाजरी-तांदूळ काढू या. ज्यांच्याकडे पाकिटात टाकायला नसतं, त्यांच्याकडेही मूठ असते. डबे वाटले. धान्य गरजूंना, उरलं तर विकून गरजू निधीत. डब्यावर तसं लिहिलं.

नवा क्यूआर कोड लागला, न्यासाच्या नावाचा. एप्रिलचे १०,००० छप्पर खात्यात तीन तारखेलाच गेले.

३ मे, शनिवार

छपराची तीन कोटेशनं. सगळं छप्पर आता होणं शक्य नाही. डावा उतार तेवढा पावसाआधी करायचा : दोन वासे, रीपा, फुटकी कौलं, आढ्यावरचे कोने. सगळ्यात स्वस्त कोटेशन १,१२,००० चं, पण त्यात लाकूड कोणतं ते लिहिलेलं नाही. ते नाकारलं. १,३८,००० चं घेतलं, जुन्या सागाचं, आणि मिस्त्रीने स्वतः वर चढून कौलं मोजली होती. नाकारण्याचं कारण इतिवृत्तात लिहून ठेवलं, उद्या कोणी विचारलं तर सापडावं.

२४ मे, शनिवार

पाऊस लवकर आला. मान्सून आजच केरळात पोचला म्हणतात, पण आमच्याकडे चार दिवसांपासून रोज संध्याकाळी कोसळतोय, आणि डावा उतार अर्धा उघडा आहे. ताडपत्री बांधली. कौलं काढल्यावर तिसऱ्या वाशालाही वाळवी निघाली. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर आला तो पिवळसर भुगा. वाढीव ६,२०० लागणार. मिस्त्री म्हणाला, बाई, तुम्ही हो म्हणा, मी लावतो. मी पंचांना फोन केले, पाचही जण तासाभरात आले, ताडपत्रीखाली उभ्या उभ्या ठराव लिहिला. चिटणीसांच्या वहीचं ते पान पावसाने फुगलं आहे, पण सह्या वाचता येतात.

१ जून, रविवार

काम पूर्ण. बिल १,४४,२००, चेकने दिलं. उतरवलेली चांगली कौलं मोजून मागच्या पडवीत रचली, २१४ भरली. पुढच्या उताराला येतील. व्यासपीठावरून जाहीर केलं की उद्या कोणी आपलं घर शाकारायला मागितली तरी ती न्यासाची मालमत्ता आहे.

दुपारी आत्या दुसऱ्या बाकावर बसून वर बघत होत्या.

६ जुलै, रविवार

पहिल्या तिमाहीचा हिशेब फळ्यावर लावला, अंदाज एका रकान्यात, प्रत्यक्ष दुसऱ्यात. जमेचा अंदाज २,५८,०००, आली २,४६,५००. पावसाने दोन रविवार माणसंच आली नाहीत. ११,५०० ची कमी भरून काढायला साउंडची दुरुस्ती ऑक्टोबरवर ढकलली आणि शिबिराची बस रद्द करून मुलांना पालकांच्या गाड्यांतून नेलं. मानधन वेळेवर. मदत निधीला हात लावलेला नाही. मूठधान्याचे ४,१५० त्यात जमा, शिवाय तीन घरांना धान्य गेलं.

छप्पर खातं : सुरुवातीचे २,३२,०००, चार हप्ते ४०,०००, बिल वजा जाता शिल्लक १,२७,८००. परतफेड बाकी १,६३,०००. जुलैचा हप्ता काल भरला. मनात आलं होतं की जमा कमी आहे तर या महिन्याला पाचच हजार भरावे. पासबुक पुढ्यात ठेवून थोडा वेळ बसले, आणि दहा भरले.

उपासनेनंतर फळ्यापुढे सात-आठ माणसं बोट लावून वाचत होती. तरुण संघाच्या एका मुलीने विचारलं, हॉलचं भाडं अंदाजापेक्षा तीन हजारांनी कमी कसं? मे महिन्यातल्या एका लग्नाचं यायचं राहिलं आहे. माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. उद्या त्यांच्या घरी जायचं. पुढच्या रविवारी मोजणीला ती मुलगी आणि काका.